नापास यकृत

सोमवार, ३ तारीख

इतिहासाला कळावं म्हणून लिहून ठेवते. या घरात बावीस वर्षं चहाचं गाळणं शेगडीच्या डाव्या अंगाच्या खिळ्यावर राहत आलं आहे. सरकारं बदलली, शेजारी बदलले, शेगडी दोनदा बदलली, गाळण्यानं जागा सोडली नाही. आज सकाळी ते चमच्यांच्या खणात पालथं पडलेलं सापडलं. तोवर मी पिठाच्या चाळणीतून चहा गाळून बसले होते. कॉलेजात पहिल्या तासाला दातात चहापत्ती घेऊन शिकवलं. कुणाला अटक झालेली नाही. होणारही नाही, कारण गुन्हेगारानं माझ्या नवऱ्याला यकृत दिलं आहे, आणि यकृत देणाऱ्या माणसाला गाळण्यावरून बोलता येत नाही.

असं बरंच काही बोलता येत नाही. म्हणून ही दैनंदिनी.

तर वस्तुस्थिती अशी. एका जुन्या दुखण्यानं नवऱ्याचं यकृत कामातून गेलं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीच्या यकृताचा मोठा तुकडा काढून त्याला बसवला. तिच्यात उरलेला आणि त्याच्यात गेलेला, दोन्ही तुकडे वाढून पुन्हा पुरते होतात. शरीरातल्या बाकी अवयवांना नसलेली अक्कल यकृताला आहे. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ही अक्कल दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते.

पहिला अर्ज माझा होता, हेही लिहून ठेवते, कारण घरात आता ते कुणाला आठवत नाही. रक्तगट जुळला. उंची, वजन, वय, सगळं बसलं. मग पोटाचं चित्र काढलं. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "चरबी आहे हो बाई. हे घेता येणार नाही." जन्मात एका परीक्षेत नापास झाले नव्हते, तर यकृतात झाले. नणंद पोहायला शिकवते. आयुष्य पाण्यात गेलं तिचं. तिचं यकृत बघून म्हणे तपासणाऱ्यांनी एकमेकांना बोलावून दाखवलं.

तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. अर्धांगी म्हणवून घ्यायचं आपण, आणि अंग दिलं दुसरीनं.

मंगळवार, ४

विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. त्यांना आम्ही 'प्रस्तावना' म्हणतो, कारण ते मुद्द्यापर्यंत पोचल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आज पोचले. बावीस-तेवीसला लोकांसाठी विज्ञान महोत्सव. विषय: तुटलेलं पुन्हा कसं वाढतं, निसर्गात आणि शरीरात. पालीची शेपटी, ताऱ्याच्या आकाराच्या माशाचा हात, बटाट्याचा डोळा, सांधलेलं हाड, भरलेली जखम. ज्याला जे झेपेल ते त्यानं घ्यायचं.

मी प्लॅनेरिया मागितले. नखाएवढे चपटे किडे, डबक्यात राहतात. एकाचे तीन तुकडे केले तर तीन किडे होतात. शेपटीला डोकं फुटतं, डोक्याला शेपटी. वीस वर्षं मनात होतं हे लोकांना दाखवायचं.

"उत्तम," प्रस्तावना म्हणाले. "आणि आरोग्य दालनासाठी तर साक्षात उदाहरण मिळालंय आपल्याला. तेही आपल्या बाईंच्या घरात."

सगळे माझ्याकडे वळले. क्षणभर मी सरसावून बसले, हे खोटं कशाला लिहू.

"बाईंच्या नणंदबाई," ते म्हणाले. "परवा यांच्या मिस्टरांना बघायला गेलो तेव्हाच मी विचारून टाकलं. काय तेज आहे हो चेहऱ्यावर."

तेज. तिला घाम फार येतो, त्याला ते तेज म्हणतात.

आरोग्य दालनाला मुख्य दालनाचा मधला भाग. माझं टेबल स्वच्छतागृहाच्या वाटेवर. "तिथे वर्दळ असते," ते म्हणाले.

गुरुवार, ६

प्रयोगशाळेला रंग लागतोय, म्हणून किडे घरी आणावे लागले. दोन डबे, स्वयंपाकघराच्या खिडकीत, एकामागे एक. नणंद लगेच भिंग घेऊन हजर.

"वहिनी, डोळे बघ यांचे. तिरळे आहेत गं सगळे."

"तसेच असतात."

"खातात काय?"

"यकृत," मी म्हटलं. खरंच तेच देतात त्यांना, कोंबडीचं, बारीक करून.

बहीणभाऊ असे काही हसले की बस्स. नवऱ्यानं पोट धरलं. तिनंही धरलं. दोघांचे हात एकाच जागी, उजव्या बरगडीखाली.

"काय म्हणतंय रे दादा माझं?"

"मजेत आहे. तुझ्यासारखंच आळशी आहे, बेडके."

लहानपणापासून तो तिला बेडकी म्हणतो. मला त्यानं कधी कुठला प्राणी म्हटलेलं नाही. मी मध्ये भाजी चिरत उभी. त्यांचं हे संभाषण रोज होतं, आणि त्यात तिसऱ्याला जागा नसते. त्याचं हसू ओसरल्यावरही तिनं हात काढला नाही, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "हसून दमले." हसून कुणी दमतं का. पण बसली की दादा उठून पाणी देतो, हे तिला ठाऊक झालं आहे.

या किड्यांना कापण्याआधी आठवडाभर उपाशी ठेवतात. पोट भरलेलं असेल तर तुकडे कुजतात. हे मी तिला सांगितलं नाही. ती काही माझ्या वर्गात नाही.

गुरुवार, १३

कापले. बर्फावर ओला कागद, कागदावर किडा, नवं पातं. आधी पुढच्या डब्यातले घेतले. मागच्यातले राखून ठेवले आहेत, काही दिवसांनी कापायला, म्हणजे लोकांना वाढीच्या सगळ्या पायऱ्या दिसतील.

नवरा शेजारी बसून बघत होता. तो पुस्तकांची मुद्रितं तपासतो, हल्ली घरूनच.

"दुखत असेल का गं त्यांना?"

"इतकासा मेंदू. त्यांना काय दुखणार."

"तरी," तो म्हणाला, आणि भिंतीकडे बघत राहिला. भिंतीपलीकडे नणंदेची खोली. ती दुपारची झोपली होती. दुपारची झोप. मी शेवटची दुपारी झोपले होते ती बाळंतपणात.

शनिवार, १५

वास आला तेव्हाच समजले. पुढच्या डब्यातलं पाणी गढूळ, आणि तुकड्यांच्या जागी बुळबुळीत करडा लगदा. तळाशी काहीतरी तपकिरी. चिमट्यानं काढून बघितलं. यकृत.

चौकशीची वेळच आली नाही. "मीच दिलं," नणंद म्हणाली. "बुधवारी. आठवडा होत आला, त्यांच्या पोटात घास नाही. म्हटलं वहिनी कामाच्या धबडग्यात विसरली. दुपारी दादा मुद्रितांत बुडालेला, मी एकटीच, तेही तसेच. खाताना बघायला बरं वाटलं."

"आणि मागच्या डब्यात?"

"तिथवर हात नाही गेला. पुढे वाकलं की ओढ बसते."

आळस कधी कधी कामाला येतो. मागचा डबा वाचला.

आता मनातलं लिहिते. मी रागावले, ते खरं. पण रागाच्या खाली, डब्याच्या तळाशी असावं तसं, दुसरंच काही होतं, आणि ते म्हणजे आनंद. चार महिन्यांत तिचं पहिल्यांदा काही चुकलं होतं. मी ती चूक वळवून, न्याहाळून, उजेडात धरून बघितली.

"ही बाई यकृत वाटत सुटली आहे," मी नवऱ्याला म्हटलं, जरा मोठ्यानंच. "भावाला झालं, आता किड्यांना. उद्या दारावर कुणी आलं तर त्यालाही देईल."

मी विनोद केला होता. तो हसला नाही. "चुकलं तिचं," तो म्हणाला. "पण तुला एवढा हर्ष कसला झालाय?"

मी मागच्या डब्यातले सगळे आजच कापले. महोत्सवाला त्यांचे जेमतेम डोळे आलेले असतील. पायऱ्या-बियऱ्या आता विसरायच्या.

मंगळवार, १८

नणंदेला तलावावरून फोन. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते, त्यामुळे कान मोकळे.

"तोडा की कुलूप, काही नाहीये त्यात. एक टोपी असेल... नाही नाही, त्यांनाच द्या ते कपाट, नव्या बाई रोज येणार. मी कुठे येतेय एवढ्यात."

आणि मग बराच वेळ हसत हसत गप्पा. फोन ठेवल्यावर बाल्कनीत जाऊन उभी राहिली, जेवायला दोनदा हाक मारावी लागली. फोनवर एवढी चैन करायला मिळाली तर मीही दोन हाकांनी येईन.

शुक्रवार, २१

डोळे आले. दोन काळे ठिपके, तिरळे. भिंगातून बघितलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

नणंदेच्या दालनाची पाटी लागली आहे. माझं अख्खं टेबल तिच्यामागे लपेल एवढी. फोटो लावायचा नाही अशी तिची अट होती म्हणे. प्रस्तावना सांगत होते, "किती साधेपणा." फोटो न लावण्यातूनही कौतुक कमावता येतं, हे मला या वयात कळतंय.

शनिवार, २२

पहिला दिवस. क्रमानं लिहिते, नाहीतर जे लिहायचं ते टाळलं जाईल.

दारं उघडायच्या आधी नवरा येऊन गेला. गर्दीत जायची त्याला मनाई आहे. मास्क लावून आला आणि जेवढा वेळ होता तेवढा माझ्या टेबलाशी बसला, भिंगाला डोळा लावून. आरोग्य दालनाकडे त्यानं लांबूनच हात केला. माझ्याकडे पंखा होता म्हणून असेल. "याचं डोकं छान आलंय," म्हणाला, आणि दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याचंही. मुद्रितं तपासावीत तसे सगळे किडे तपासून गेला.

मग लोक आले. माझ्याकडे मुलं येत होती, स्वच्छतागृहाला जाताना घाईत आणि येताना निवांत. एका मुलीनं विचारलं, कापलेल्या किड्यातला जुना कोणता आणि नवा कोणता. चांगला प्रश्न होता. उत्तर देईपर्यंत तिच्या आईनं तिला ओढून नेलं, "चल, तिकडे ती खरी बाई आहे म्हणे."

खरी बाई मध्यभागी खुर्चीवर बसून होती. समोर रांग. मुलं स्पंजचं यकृत पिळून बघत होती, मोठी माणसं तिच्याशी हात मिळवत होती. प्रस्तावना रांगेला प्रस्तावना करत होते.

दुपारी जरा ओसरल्यावर ती माझ्याकडे आली. कपाळ ओलं. "वहिनी, जरा जाऊन येते. दोन मिनिटं तिथे थांबतेस? मुलं ते यकृत पळवतात."

थांबले. दोन मिनिटांची बरीच जास्त झाली. मी पाटीखाली उभी. पाटीवर लिहिलेलं: 'यांनी आपल्या भावाला यकृत दिलं. यांना काहीही विचारा.'

एक बाई आली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून लोकरीच्या सुया डोकावत होत्या. पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाटी वाचली.

"तुम्हीच का?"

मी तोंड उघडलं. पण तिनं माझा हात धरला होता. दोन्ही हातांनी. चार महिन्यांत माझा हात असा कुणी धरला नव्हता.

"माझ्या भावाला लागणार आहे. माझं जुळतंय," ती म्हणाली. "बुधवारी या म्हणतात दवाखान्यात. घरात कुणाला पटत नाही. नवरा तर बोलतच नाही. मला एकच विचारायचंय हो. डॉक्टरांना विचारलं तर ते आकडे सांगतात. दुखतं का?"

आणि मी म्हणाले, "छे हो. आठवडाभर थोडं. नंतर आठवतही नाही."

आवाज अगदी ठाम होता. मी स्वतः न बघितलेल्या गोष्टी ज्या आवाजात शिकवते, तोच.

तिचा चेहरा सैल झाला. पिशवीत हात घालून तिनं एक मफलर काढला, निळसर करडा. "दवाखान्याच्या बाकावर बसून विणलाय. कुणाला द्यायचा ते ठरवलं नव्हतं. तुम्ही घ्या." मी पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं मफलर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "उद्या नवऱ्याला आणते. त्यांनाही असंच सांगा, जसं मला सांगितलंत."

गेली.

माझी बाजू अशी. एक, मी खोटं काही बोलले नाही, मी कोण ते बोललेच नाही. दोन, नियत माझीही तीच होती. चरबी नसती तर त्या पाटीखाली मीच बसले असते. तीन... तीन नंबरचं काही सुचत नाही. पण दोनावर भागतं.

नणंद परत आली तेव्हा मफलर माझ्या पर्समध्ये होता. "कुणी आलं होतं?" "कुणी खास नाही."

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले, वारा होता, गळ्यात घातला. खाली आले तर नवऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "नवीन? छान दिसतोय तुला."

"महोत्सवात मिळाला."

त्यानं माझ्याकडे बघून असं काही म्हणावं, त्याला किती दिवस झाले ते मोजत नाही. जेवतानाही मी तो काढला नाही.

रविवार, २३

सकाळी नणंद स्वयंपाकघरात सफरचंद चिरत होती. मी गाळण्यातून चहा ओतत होते. काय बोलायचं ते ठरवून आले होते, म्हणून आडून सुरुवात केली.

"तिकडे लोक विचारत असतील ना, दुखतं का म्हणून. काय सांगतेस?"

"कुणी विचारत नाही. किती टक्के काढलं विचारतात. काका लोक दारू चालते का विचारतात. काल एका पोरानं विचारलं, बाहेर काढल्यावर उड्या मारतं का."

"आणि मी विचारलं तर?"

सुरी थांबली. ती माझ्याकडे न बघता बोलली, सफरचंदाशी बोलल्यासारखी.

"दुखलं की. आत कुणीतरी काहीतरी विसरून गेलंय असं वाटायचं. शिंक यायची भीती बसली होती. शिंक आली की डोळ्यांपुढे अंधार. आता तेवढं नाही. पण कुशीवर झोपता येत नाही अजून. गेल्या महिन्यात तलावात उतरले होते, तुम्हाला सांगितलं नाही. चार हात मारले आणि कडेचा गज धरून उभी राहिले. माझ्या पोरी बघत होत्या. त्यातल्या एकीनं हात दिला मला वर यायला. मी शिकवलेली पोरगी." फोड तोंडात टाकून तिनं सावकाश चावली. "डॉक्टर म्हणतात यकृत मस्त वाढलंय. असेल. पोट मात्र अजून माझं वाटत नाही."

"बोलली नाहीस कधी."

"कुणाला? दादाला सांगितलं असतं तर तो मेलाच असता लाजेनं. आणि तू... तू त्याच्या खोलीतून बाहेर आलीस कधी?" ती रागानं म्हणाली नाही. नुसतं म्हणाली. "तुम्ही सगळे तो बरा होतोय का ते बघत होता. मीही तेच बघत होते."

चहा कपाबाहेर गेला. मी पुसत राहिले.

"एक सांगू, वहिनी? तुझं यकृत चालणार नाही म्हणाले ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

"हायसं?"

"तुझं चाललं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं? सणावाराला फोन. तू त्याच्याबरोबर रोज असतेस. मला वाटलं, एवढं तरी माझं असावं त्याच्यात."

यावर मला टोमणा सुचला नाही. दैनंदिनीत नमूद करण्यासारखी घटना आहे. मी फडकं पिळलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा पिळलं.

मग सांगितलं. काल एक बाई आली होती, आज परत येणार आहे, तिच्याशी तू बोल.

"तू काय सांगितलंस तिला?"

"आठवडाभर."

तिनं सुरी खाली ठेवली. "मी म्हणून?"

"तिनं विचारलं नाही कोण ते. पाटी होती वर."

मला वाटलं आता चिडेल, आणि मला ते चाललं असतं. ती हसायला लागली. एक हात बरगडीखाली दाबून, दुसऱ्यानं ओटा धरून. "अगं, मागायचीस की. अर्धी पाटी दिली असती तुला."

मफलरचं मी सांगितलं नाही. तेवढं राहिलं.

ती बाई दुपारी आली. बरोबर नवरा, उंच, हाताची घडी घातलेला. बाई सरळ माझ्या टेबलाकडे वळली, मला ओळखून हसली. मी म्हटलं, "काल मी फक्त जागा राखत होते. ज्यांनी दिलं, त्या तिथे बसल्यात. मी सांगितलं ते ऐकू नका. त्या सांगतील ते ऐका."

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती इथे लिहीत नाही. ती नजर मी फुकट घेतलेली नव्हती, एवढंच.

नणंदेनं रांगेतल्या लोकांना थांबायला लावलं. तिघं खुर्च्या ओढून बसले. प्रस्तावना काहीतरी सुरू करायला गेले, तर तिनं त्यांना पाणी आणायला पाठवलं. माझ्या टेबलावरून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. ती शिंकेबद्दल सांगत असावी, कारण तिनं पोटाशी दोन्ही हात धरले. तलावाबद्दल सांगत असावी, कारण ती थांबली. बाईचा चेहरा पडत गेला, पडत गेला, आणि एका ठिकाणी थांबला. नवऱ्याची हाताची घडी सुटली. त्यानं काही विचारलं. नणंदेनं उत्तर दिलं. त्यानं परत विचारलं.

मग मी काहीतरी कारण काढून तिथून गेले. स्पंजचं यकृत जागेवर आहे का ते बघायला. कानावर पडलं ते एवढंच:

"खोकताना उशी दाबून धरायची पोटाशी. घट्ट."

"घरची नेली तर चालेल?" तो नवरा विचारत होता.

"घरचीच न्या. तिथल्या मऊ नसतात. आणि शर्ट पुढून बटणांचे. डोक्यातून घालायचे नकोत."

"किती शर्ट लागतील?"

बाई नवऱ्याकडे बघत होती. त्यानं खिशातून पेन काढून तळहातावर लिहायला घेतलं होतं.

जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली नाही. थांबावं असं काही कारणही नव्हतं. दारापाशी मात्र तिनं एकदा वळून नणंदेकडे बघितलं, आणि हात केला.

संध्याकाळी टेबलं आवरताना नणंद माझ्याकडे आली, किड्यांच्या डब्यात वाकून बघितलं. "आता यांना खायला देऊ शकतो का? का अजून उपास?"

"आता देऊ शकतो."

"कोण देणार?"

"तू दे," मी म्हटलं. "थोडं. आणि पाणी नंतर बदलायचं, नाहीतर कुजतं." जे आधी सांगायला हवं होतं ते शिकवून टाकलं.

सोमवार, २४

नणंद आज तलावावर गेली. पाण्यात उतरायला नाही म्हणाली, काठावरून शिकवता येईल का ते विचारायला. छोट्या मुलांना काठावरूनच शिकवतात म्हणे. पिशवी दारात ठेवून ती चपला शोधत होती.

मफलर मी रात्रीच धुऊन, सकाळी इस्त्री फिरवून ठेवला होता. लोकरीवर इस्त्री फिरवू नये, हे नंतर आठवलं. पिशवीत टॉवेल होता, पाण्याची बाटली होती. टॉवेलच्या वर ठेवला, हाताला पहिल्यांदा तोच लागेल असा.

"अगं, हा तुझा ना?" नवरा मुद्रितांतून मान वर करून म्हणाला. "छान दिसत होता."

"नाही," मी म्हटलं.

नणंदेनं पिशवी उचलली, डाव्या खांद्याला लावली, जपून, आणि जिना उतरली. खिडकीतून बघितलं तर कोपऱ्यावर ती थांबली होती, पिशवीत हात घालून. मफलर बाहेर काढला. उलटसुलट करून बघितला. मग मागे वळून आमच्या खिडकीकडे बघू लागली, तेव्हा मी पडद्याआड झाले.

दुसऱ्या तासाला कॉलेज होतं. बसथांब्यावर वारा होता. कॉलर वर करून उभी राहिले.